पहिल्या दिवशी काय मागितले जाते? : लोकसेवेच्या शिक्षणाचा एक धागा

विद्यासंस्था नव्या विद्यार्थ्याचे स्वागत करते तेव्हा त्याला काय देणार हे ती आवर्जून सांगते. ग्रंथालय, अध्यापकवर्ग, शिष्यवृत्त्या, पुढील नोकरीच्या वाटा, असा हा तपशील असतो. त्याच्याकडून ती काय मागते हे मात्र बहुधा न बोलताच राहते. साहित्याच्या किंवा गणिताच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे मौन फारसे खटकत नाही. परंतु ज्या संस्थेतून बाहेर पडणारा माणूस उद्या इतरांच्या जमिनीचा सारा, शाळेचा खर्च किंवा दुष्काळातील धान्य यांविषयी निर्णय घेणार आहे, तिच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. सार्वजनिक धोरण शिकवणाऱ्या संस्था आज आपल्याकडे वाढत आहेत आणि पदवीधर विद्यार्थी मोठ्या उमेदीने तिकडे वळत आहेत. अशा वेळी या शिक्षणाचा मराठी प्रदेशाशी जोडलेला इतिहास तपासून पाहणे उपयोगाचे ठरावे. तो वाटतो त्यापेक्षा जुना आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित वाटू नये इतका आपल्या भाषेच्या इतिहासात गुंतलेला आहे.

१

आरंभ कलकत्त्यापासून करावा लागतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत येणारे इंग्रज तरुण सोळा-अठरा वर्षांचे असत. व्यापारी पेढीतील कारकुनाचे काम त्यांना ठाऊक असे. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी पेढी राहिली नव्हती, राज्यकर्ती झाली होती. ही विसंगती ओळखून गव्हर्नर जनरल वेलस्ली याने १८०० साली फोर्ट विल्यम महाविद्यालय स्थापन केले. स्थापनेची तारीख मुद्दाम मागे नेऊन ४ मे अशी धरण्यात आली, कारण तो श्रीरंगपट्टणच्या पाडावाचा वर्धापनदिन होता. टिपूवरील विजयाच्या स्मरणार्थ राज्यकारभाराची शाळा उघडावी, यात त्या शाळेची भूमिका पुरेशी स्पष्ट होते.

तरीही या शाळेची नवागताकडे पहिली मागणी होती ती भाषेची. फारसी, हिंदुस्थानी, बंगाली, संस्कृत आणि पुढे मराठी या भाषा तिथे शिकवल्या जात. विद्यार्थ्यांना देशी भाषांत जाहीर वादसभेत उभे राहून प्रतिपादन करावे लागे आणि त्या सभेला खुद्द गव्हर्नर जनरल हजर राही. मराठी शिकवण्याचे काम विल्यम केरी याच्याकडे होते. त्याने पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मोडी लिपीतील खिळे वापरून मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. वैजनाथांच्या नावावर असलेली 'सिंहासन बत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५) आणि 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' (१८१६) ही पुस्तके याच परिसरातील. छापील मराठी गद्याच्या आरंभीच्या पाऊलखुणा पुण्यामुंबईत नव्हे, तर बंगालमध्ये, परदेशी कारभाऱ्यांच्या अभ्यासक्रमात सापडतात ही गोष्ट आपले वाङ्मयेतिहास नोंदवतात. त्या गद्याचा अपेक्षित वाचक मराठी माणूस नव्हता, तर त्याच्यावर राज्य करू पाहणारा नवशिका होता, या गोष्टीवर मात्र आपण क्वचितच थांबतो.

लंडनमधील संचालकांना वेलस्लीचा हा खर्च रुचला नाही. त्यांनी १८०६ साली इंग्लंडमध्येच स्वतःचे महाविद्यालय काढले. ते १८०९ पासून हेलीबरी येथे भरू लागले. भाषा तिथेही होत्या. पण त्या संस्थेची खरी ओळख ठरली ती तिथल्या राजकीय अर्थशास्त्राने. लोकसंख्येवरील सिद्धांतामुळे गाजलेला माल्थस १८०५ पासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत तिथे इतिहास व राजकीय अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता. म्हणजे फोर्ट विल्यमच्या शाळेने नवागताकडे भाषा मागितली आणि हेलीबरीने त्याच्या हाती सिद्धांत दिला.

२

त्या सिद्धांताचे पुढे काय झाले, हे पाहायला दूर जावे लागत नाही. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हेलीबरीचा, माल्थसच्या वर्गातला विद्यार्थी. पेशवाई बुडाल्यानंतर काही वर्षांनी दख्खनच्या जमिनीची पाहणी करून शेतसारा ठरवण्याचे काम त्याच्याकडे आले. १८२० च्या दशकात त्याने पुणे प्रांतात शेतजमिनीचे प्रतवार मोजमाप केले. जमिनीचे एकूण उत्पन्न किती, त्यातून लागवडीचा खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती उरते, हे काढायचे आणि त्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे, अशी ती पद्धत होती. रिकार्डोच्या भूमिखंडाच्या सिद्धांताचा तो नेमका वापर होता. कागदावर तिच्यात खोट काढणे अवघड होते.

बांधावर मात्र प्रत्येक पायरीशी प्रश्न उभा राहतो. घरच्याच माणसांनी राबून केलेल्या कामाची मजुरी किती धरायची? तीन वर्षांतून एकदा पाऊस दगा देतो तिथे सरासरी उत्पन्न कोणत्या वर्षांवरून काढायचे? आकडे भरणारे खालचे कर्मचारी विश्वासार्ह नसतील तर त्या आकड्यांवर उभारलेल्या हिशेबाला काय अर्थ? प्रिंगलची आकारणी जड ठरली. धान्याचे भाव पडल्यावर ती आणखी असह्य झाली. इंदापूर भागात शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या, शेते पडीक राहिली. अखेर ही पद्धत गुंडाळून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना १८३० च्या दशकाच्या मध्यास त्याच इंदापुरातून नव्याने सुरुवात करावी लागली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे सूत्र बाजूला ठेवले, प्रत्यक्षात सारा किती वसूल होऊ शकला आहे हे पाहिले आणि दर कमी करून ते तीस वर्षांसाठी कायम केले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. प्रिंगल आळशी नव्हता, दुष्टही नव्हता. तो आपल्या शाळेचा चांगला विद्यार्थी होता. त्याने जे शिकले तेच केले. म्हणून हे अपयश एका अधिकाऱ्याचे मानून सोडून देता येत नाही. ज्याच्या नावाने हिशेब मांडला जातो त्याचे म्हणणे ऐकणे हा अभ्यासाचा भाग आहे, असे त्या शाळेने त्याच्याकडे मागितलेच नव्हते.

३

देशी माणसांनी या विषयाची स्वतःची शाळा उघडली ती इमारतीवाचून. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात आले आणि सभेच्या कामाला अभ्यासाचे वळण लागले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती मिळवून सरकारपुढे ठेवली; १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. जमीनमहसूल, दुष्काळ, शेतकऱ्यांचे कर्ज या विषयांवर सरकारी अहवालांची बरोबरी करील असे लेखन त्यात येऊ लागले.

या शाळेचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले, १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झालेले गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक म्हणून दाखल झाले आणि १८८७ च्या सुमारास रानड्यांच्या सहवासात आले. पुढची कित्येक वर्षे त्यांनी रानड्यांच्या हाताखाली सरकारी कागदपत्रे वाचली, टिपणे काढली, अर्ज-निवेदनांचे मसुदे लिहिले आणि ते पुनःपुन्हा दुरुस्त करून घेतले. गोखल्यांनी या काळातील एक आठवण पुढे सांगितली आहे. इतक्या कष्टाने लिहिलेल्या निवेदनांना सरकार दोन ओळींचे उत्तर देते, मग हे श्रम कशासाठी, असे त्यांनी विचारले. रानड्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की ही निवेदने सरकारला उद्देशून असली तरी ती खरोखर लोकांसाठी आहेत. या प्रश्नांचा विचार कसा करावा हे लोकांनी त्यांतून शिकायचे आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या उत्तरापाशी थांबावे. निवेदनाचा मायना एकाच्या नावे, वाचक दुसराच. फोर्ट विल्यमच्या मराठी पुस्तकांत भाषा लोकांची आणि वाचक राज्यकर्ता होता. रानड्यांच्या निवेदनांत भाषा राज्यकर्त्याची, इंग्रजी, आणि मनातला वाचक लोक. हा उलटा व्यूह त्या पिढीची ताकद होता आणि तिची मर्यादाही. कारण इंग्रजी न जाणणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत ते शिक्षण पोचणार कसे? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडताना आणि 'शेतकऱ्याचा असूड' मराठीत लिहिताना हाच प्रश्न वेगळ्या, अधिक तिखट स्वरात विचारला होता. सभेचे नाव सार्वजनिक असले तरी तिच्यात सर्व जन कुठे आहेत, हा त्यांचा आक्षेप होता.

४

१२ जून १९०५ रोजी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीवर चार माणसे जमली. गोखल्यांनी स्वतः शपथ घेतली. त्यानंतर नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन यांनी ती घेतली. भारत सेवक समाजाची ही स्थापना. गोखले तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. त्याच वर्षाअखेरीस बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

समाजात दाखल होणाऱ्या पदवीधराचे स्वागत या शपथेने होत असे. तिचा आशय थोडक्यात असा: देशाचा विचार सर्वांत आधी, सेवेतून स्वतःचा लाभ पाहायचा नाही, जात आणि धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानायचे, समाज देईल त्या निर्वाहवेतनात संतुष्ट राहायचे आणि पैसे मिळवण्यात शक्ती खर्चायची नाही, खाजगी जीवन शुद्ध ठेवायचे, कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही, आणि समाजाच्या हेतूंना बाध येईल असे काही करायचे नाही. या सात कलमांत विद्वत्तेचा शब्द नाही. ती गृहीतच होती, कारण पुढे पाच वर्षांची उमेदवारी असे. त्यांतली तीन वर्षे पुण्याच्या वास्तूत ग्रंथालयात बसून अभ्यास करायचा आणि दोन वर्षे देशभर प्रवास. या काळात उमेदवार सर्वस्वी 'प्रथम सदस्या'च्या, म्हणजे गोखल्यांच्या, मार्गदर्शनाखाली राही. काय वाचायचे आणि कोणते काम करायचे हे तेच ठरवत.

ही शिस्त आज कोणाला जाचक वाटेल, आणि तशी ती होतीही. परंतु तिच्यामागे गोखल्यांचा अनुभव होता. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची त्यांनी केलेली चिरफाड वाखाणली गेली. त्याच मुक्कामात पुण्यातील प्लेगबंदोबस्ताच्या सैनिकांविषयी मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी आरोप केले आणि ते सिद्ध करता न आल्याने परतल्यावर जाहीर माफी मागितली. या माफीवरून त्यांच्यावर स्वकीयांनी कठोर टीका केली. पुराव्यावाचून बोलायचे नाही, बोलण्याआधी स्वतः जाऊन पाहायचे, हा समाजाच्या उमेदवारीचा गाभा त्या प्रसंगाशी जोडून पाहिला तर ती शिस्त केवळ आश्रमी वाटत नाही. त्या उमेदवारीतील दोन वर्षांच्या प्रवासात नेमके तेच होते जे हेलीबरीने प्रिंगलकडे मागितले नव्हते.

या शाळेतून घडलेली माणसे पाहिली म्हणजे मागणीचे मोल कळते. देवधरांनी रमाबाई रानड्यांसह १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारले. त्याच वर्षी समाजात आलेल्या नारायण मल्हार जोशींनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत प्रमुख वाटा उचलला. मुंबई नगरपालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ साली आलेले अमृतलाल ठक्कर पुढे ठक्कर बाप्पा म्हणून आदिवासींच्या कामासाठी ओळखले गेले. यांपैकी कोणीही सत्तेच्या खुर्चीसाठी लक्षात राहिलेला नाही.

५

कोणत्याही शाळेच्या स्वागताची खरी परीक्षा तिला न मानवणाऱ्या नवागताच्या वेळी होते. ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधी भारत सेवक समाजात येऊ इच्छित होते. गोखल्यांना ते हवे होते. इतर सदस्यांना मात्र शंका होती, कारण 'हिंद स्वराज'मधील गांधींची मते आणि समाजाची घटनात्मक राजकारणाची धारणा यांत मोठे अंतर होते. ब्रिटिश संबंध हा हिंदुस्थानच्या हिताचा दैवी योग आहे असे समाजाची प्रस्तावना मानत होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले. प्रवेशाच्या प्रश्नावर सदस्यांत तट पडलेले पाहून गांधींनी आपला अर्ज स्वतःच मागे घेतला आणि मे महिन्यात अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम काढला.

प्रवेश हुकला, पण उमेदवारी त्यांनी पाळली. एक वर्ष सार्वजनिक प्रश्नांवर न बोलता देश पाहायचा, हे गोखल्यांना दिलेले वचन होते. ते वर्ष गांधी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडले. समाजाचा पाठ अशा रीतीने समाजाबाहेरच्या माणसाने अधिक दूरवर नेला.

दुसरी परीक्षा अधिक खोलवरची होती. शपथेत जातिभेद नव्हता. परंतु टेकडीवरचे ते तिघे-चौघे ज्या वर्गातून आले होते, तोच वर्ग इंग्रजी पदवीपर्यंत पोचलेला होता. पदवी ही प्रवेशाची वाट असली की शपथेतले तिसरे कलम कितीही प्रामाणिक असो, दाराशी येणारी माणसे आधीच निवडलेली असतात. गोखल्यांना हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही. १९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. फुल्यांनी तीस वर्षांपूर्वी मागितलेली गोष्ट अशी सुधारकांच्या हातून पुढे आली आणि अडली.

डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून १९५६ च्या घटनेकडे पाहता येते. कोलंबिया आणि लंडन येथे अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेल्या या माणसाने आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, जुलै महिन्यात, मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. विद्यार्थी मोजकेच होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि ते विद्यालयही फार टिकले नाही. टिकले असते तर ज्यांच्याविषयी धोरणे ठरतात त्यांच्यातूनच ती ठरवणारे घडवणारी ती एक महत्त्वाची शाळा झाली असती.

६

भारत सेवक समाजाच्या पुण्यातील आवारात १९३० साली, रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून, गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. इथे शपथ गेली आणि पाहणी आली. पुणे शहराच्या घराघरांत जाऊन केलेली संस्थेची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाली. शहरात कोण काय काम करतो, किती मिळवतो, कुठून आला, हे त्या पाहणीने आपल्याच दारांवर जाऊन विचारले. १९३९ च्या जानेवारीत याच संस्थेच्या काळे स्मारक व्याख्यानासाठी आंबेडकर पुण्यात आले होते आणि संघराज्याच्या योजनेची त्यांनी तिथे चिकित्सा केली होती. व्रतस्थ सेवकाकडून प्रशिक्षित संशोधकाकडे झालेले हे संक्रमण आवश्यकच होते. गरिबीची आकडेवारी केवळ त्यागाच्या बळावर गोळा होत नाही.

मात्र या संक्रमणात काहीतरी मागे राहिले. पाच वर्षांची उमेदवारी आजच्या कोणा विद्यार्थ्याकडे मागावी असे म्हणण्यात अर्थ नाही; कर्ज काढून शिकणाऱ्याला निर्वाहवेतनाचे व्रत सांगणे तर क्रूरपणाच होईल. व्यक्तिनिष्ठ आज्ञापालनाचे धोकेही आपण पाहिले आहेत. परंतु या दोनशे वर्षांत ज्या मागण्या खरोखर उपयोगी ठरल्या त्या दोनच होत्या: लोकांची भाषा शिकावी आणि मत देण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे, ऐकावे. पहिली मागणी परक्या राज्यकर्त्यांनी आपल्या स्वार्थापोटी केली, दुसरी गोखल्यांनी सेवेच्या भावनेने. आज धोरणाचे उच्च शिक्षण प्रायः इंग्रजीत चालते. वैजनाथ पंडितासमोर बसलेल्या सोळा वर्षांच्या इंग्रज पोराला मराठीत उत्तर द्यावे लागत होते. ग्रामीण महाराष्ट्राच्या पाणीप्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्याला ते द्यावे लागेलच असे नाही.

साहित्याच्या शिक्षकांनी हा विषय परक्या विभागाचा मानू नये, असे म्हणूनच वाटते. निवेदन, साक्ष, शपथ, पाहणीचा अहवाल हे गद्याचे प्रकार आहेत. कोण कोणाला उद्देशून बोलतो, कोणाचा आवाज मध्येच गाळला जातो, कोणता शब्द भाषांतरात अर्थ बदलतो, हे ओळखण्याची सवय आपल्या वर्गात लागते. धोरण शिकायला आलेल्या नव्या पदवीधरांना पहिल्याच आठवड्यात प्रिंगलचे सूत्र आणि 'शेतकऱ्याचा असूड' शेजारी ठेवून वाचायला दिले, दुसरे मराठीतूनच, तर त्यांना दिसेल की शेतसाऱ्यासारख्या एकाच प्रश्नाविषयी एका ठिकाणी शेतकरी हा आकडा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो घरी जाऊन बायकामुलांशी बोलणारा माणूस आहे. दोन्ही वाचने लागतात. त्यांतले एकच शिकवून बाहेर पाठवलेला हुशार विद्यार्थी काय करू शकतो, हे इंदापूरच्या पडीक शेतांनी १८३० च्या सुमारास दाखवून दिले आहे.